चिरे हवेत, आणि कागदही

दोनेक वर्षांपूर्वी डिसेंबरात गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात जुने घर उतरवायचे काम माझ्या देखरेखीखाली झाले. घर शंभरेक वर्षांचे असावे. मालकांनी आधी जेसीबी सांगून ठेवला होता. एका दिवसात सगळे भुईसपाट करायचे आणि दुसऱ्या दिवशी ट्रक लावून राडारोडा कुठेतरी टाकून यायचा, असा बेत होता. मी त्यांच्याकडून दहा दिवस मागून घेतले. आधी कौले उतरली, मग वासे, मग भिंतीला हात घातला. गवंड्याने चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्याच्या, कडेला हलकेच ठोकले, सांध्यात पहार सरकवली आणि चिरा अख्खाच्या अख्खा सुटून आला. भिंत मातीत बसवलेली होती. सांध्यातली माती हाताने झाडली की चिरा पुन्हा बांधायला तयार. त्याच घराला पंधरा-वीस वर्षांपूर्वी मागच्या बाजूने न्हाणीघर जोडले होते, ते सिमेंटमधले. तिथला एकही चिरा धड निघाला नाही. सिमेंटचा सांधा चिऱ्याहून घट्ट असतो, त्यामुळे सांधा सुटण्याआधी चिराच फुटतो.

जुन्यातले हजारभर चिरे नव्या घराच्या आतल्या भिंतींना पुरले. अडीच हजार विकत घ्यायचे होते. नेहमीच्या चिरेवाल्याला फोन करून दर ठरवला आणि गाडीबरोबर वाहतुकीचा परवाना, म्हणजे ट्रान्झिट पास, पाठवून दे म्हणून सांगितले. पलीकडे क्षणभर कोणी बोलेना. मग तो म्हणाला, "बाब, तुमकां चिरे जाय काय कागद जाय?" म्हणजे, तुम्हाला चिरे हवेत की कागद हवा?

त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. त्याला खरोखरच नवल वाटले होते. वीस वर्षांच्या ओळखीत त्याच्याकडे कोणी कागद मागितला नव्हता, मीही नाही.

गोव्यात बांधकाम आणि पर्यावरण हे विषय एकत्र निघाले की चर्चा जमिनीकडे वळते. नगरनियोजन कायद्यातली जमिनीचा वापर बदलू देणारी १७(२) आणि ३९अ ही कलमे आज ग्रामसभांमध्ये म्हाताऱ्याकोताऱ्यांच्याही तोंडी आहेत. ती लढाई गरजेचीच आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. पण जिथे कोणाचा आक्षेप नाही, जमीन घरासाठी वापरण्याची सनद आहे, पंचायतीचा परवाना आहे, अशा जागेवरचे साधे घरसुद्धा कुठल्यातरी डोंगरातून आणि कुठल्यातरी नदीतून उभे राहते. चिरा एका पठारावरून येतो, रेती नदीतून, खडी दुसऱ्याच डोंगरातून आणि सिमेंट घाट उतरून कर्नाटकातून. घर कुठे बांधले याची चौकशी सगळे करतात. कशातून बांधले, हे कोणी विचारत नाही.

माझे म्हणणे असे आहे: ३,७०२ चौरस किलोमीटरच्या या राज्यात बांधकामाचा निसर्गावरचा भार हलका करायचा असेल, तर त्याची किल्ली माल पुरवणाऱ्या माणसाच्या हातात आहे आणि ती दरडावून मिळणार नाही. त्याला आगाऊ ऑर्डर द्यावी लागेल, वेळेवर पैसे द्यावे लागतील, माल त्याच्यासोबत उभे राहून तपासावा लागेल, आणि मग हक्काने कागद मागावा लागेल. आपण आजवर यातले काहीच केले नाही. फक्त दर पाडून मागितला.

चिऱ्यापासून सुरुवात करतो, कारण गोव्याचे घर म्हणजे चिरा. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात हा दगड जमिनीतून ओला असतानाच पात्याने कापताना पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवृत्तान्तात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराईट हे नाव दिले. विटेसारखा म्हणून हे नाव, पण विटेला भट्टी लागते, चिऱ्याला लागत नाही. हवा लागली की तो आपला आपण कठीण होत जातो. जळण नाही, धूर नाही, शिवाय लांबून आणावा लागत नाही. निसर्गाच्या हिशोबात एवढा हलका बांधकामाचा दगड शोधून सापडायचा नाही. भार पडतो तो खाणीवर. चिरे काढून झाले की पठारावर चौकोनी खड्डे उरतात, पावसाळ्यात तुडुंब भरतात आणि दरवर्षी कुठल्यातरी खड्ड्यात कोणाचे तरी पोर बुडाल्याची बातमी येते.

मग परवाना घेऊन, खड्डा बुजवून, नीट का काढत नाहीत? हा प्रश्न मी चिरेवाल्याला विचारला. त्याच्या उत्तरामागे एक निकाल आहे. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातल्या एका खटल्यात सांगितले की पाच हेक्टरांहून लहान असलेल्या गौण खनिजाच्या, म्हणजे चिरा, रेती, खडी यांसारख्या मालाच्या, खाणींनाही पर्यावरण दाखला लागेल. निकाल योग्यच होता. लहान लहान तुकडे पाडून अख्खे डोंगर खाल्ले जात होते, त्याला तो लगाम होता. पण अर्ध्या-एक हेक्टरात चिरे काढणाऱ्या माणसासाठी त्याचा अर्थ असा झाला, की खाण आराखडा तयार करणारा तज्ज्ञ गाठा, अहवाल करून घ्या, अर्ज करा, त्रुटी काढल्या की पुन्हा करा आणि वाट बघा. एवढा खर्च आणि एवढा काळ त्याने कशाच्या भरवशावर घालवायचा? पुढच्या वर्षी त्याचा चिरा कोण घेणार हे त्याला माहीत नसते. शेजारच्या पठारावर विनापरवाना काढणारा त्याच्याहून दोन रुपये कमी सांगतो आणि आपण तिकडे जातो. कायदा पाळणाऱ्याला बाजारात टिकू दिले नाही ते आपण, गिऱ्हाइकांनी.

यात ऋतूचा भाग फार मोठा आहे आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आपल्याकडे कामे चतुर्थीनंतर सुरू होतात. पायाखोदाई, जोते, मग भिंती. एप्रिल-मे आला की प्रत्येकाला पावसाआधी स्लॅब घालून मोकळे व्हायचे असते. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलुखात ही घाई समजण्यासारखी आहे. पण त्या दोन महिन्यांत सगळ्या गोव्याला एकाच वेळी चिरे, रेती, खडी हवी असते. परवान्याच्या खाणीतून ठरलेल्या वेगानेच माल निघतो. मग रात्रीच्या गाड्या सुरू होतात. तो मे महिन्यातला चिरा कुठून आला हे विचारायची सोय उरत नाही, कारण विचारले तर गाडी दुसऱ्याच्या दारात जाऊन उभी राहते.

हीच ऑर्डर नोव्हेंबरात दिली तर? मी दोन घरांच्या बाबतीत हे करून पाहिले. नकाशा मंजूर झाल्या झाल्या चिऱ्यांचा हिशोब काढला. मध्यम घराला बाहेरच्या भिंतींसह साडेतीन हजार धरले आणि वीस टक्के आगाऊ देऊन टाकले. चिरेवाल्याने डिसेंबर ते मार्च असा थोडा थोडा माल दिला, परवान्यासकट दिला, आणि दरही मे महिन्यातल्या दरापेक्षा कमी लावला. चिरे महिनाभर आवारात रचून ठेवल्याने चांगले वाळले, हा वरचा फायदा. यासाठी ना नवा कायदा लागला, ना अनुदान. फक्त मालकाला चतुर्थीच्या आधी निर्णय घ्यायला लावावे लागले, आणि खरे सांगायचे तर सगळ्यात अवघड काम तेच होते.

आणखी एक गोष्ट मी खाणीवर उभा राहून पाहिली म्हणून लिहितो. अलीकडे उघड्या चिऱ्याच्या भिंतींची आवड वाढली आहे. बंगला असो की हॉटेल, गिलावा न करता चिरा दिसू द्यायचा. त्यासाठी आर्किटेक्ट एकाच रंगाचा, कमी भोकांचा, धारदार कडांचा चिरा मागतात. खाणीच्या कडेला नाकारलेल्या चिऱ्यांचा ढीग पडलेला असतो. रंगात पिवळसर पट्टा आहे, एक कोपरा उडालेला आहे, एवढेच त्यांचे दोष. ताकदीत काही कमी नाही. तो ढीग म्हणजे डोंगरातून उगाच काढलेला दगड. तोच चिरा आतल्या भिंतीला, कुंपणाला, गिलाव्याखाली सहज चालतो. पुरवठादाराशी आधीच ठरवले की दर्शनी भिंतीला पहिल्या प्रतीचा आणि बाकी सगळीकडे मिसळ, तर तेवढ्याच खड्ड्यातून जास्त घरे निघतात. चिरेवाला याला एका पायावर तयार असतो. तयार करावे लागते ते आर्किटेक्टला.

उघड्या चिऱ्याबद्दल जुन्या गोव्यातले बॉम जेझूचे बासिलिका डोळ्यांसमोर ठेवावे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पुरे झालेल्या या वास्तूच्या चिऱ्यांवर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात तो काढून टाकला गेला. तेव्हापासून पावसाचा मारा थेट चिऱ्यावर बसतो आहे आणि दगड झिजत चालला आहे. आपल्या पूर्वजांनी चिऱ्याला चुना लावला तो शोभेपुरता नव्हे. चुना ओल धरतो तशी सोडतोही, भिंत कोरडी होऊ देतो. सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडून ठेवतो. आणि सुरुवातीला सांगितलेली गोष्ट इथेही लागू पडते: चुन्यात किंवा मातीत बसवलेला चिरा शंभर वर्षांनी परत मिळतो. सगळी घरे मातीत बांधा असे मी म्हणणार नाही. दोन मजले चढवायचे तर ते जमणार नाही. पण तळमजल्याच्या घराला, कुंपणाला, गोठ्याला, देवळाच्या अग्रशाळेला चुना-सिमेंटचे मिश्रण पुरते. अडचण चुना मिळण्याची आहे. शिंपल्यांचा चुना भाजणारी माणसे कमी झाली आणि चुना भिजवून मुरवायला जागा व वेळ देणारा कंत्राटदार उरला नाही. मागणी आली तर हार्डवेअरवाला आज ना उद्या मुरवलेला चुना ठेवू लागेल. त्याच्याकडे मागायला कोणी जायला तर हवे.

रेतीची गोष्ट याहून कडू आहे. तेरेखोल, शापोरा, मांडवी, झुआरी या नद्यांत होडीतून बुडी मारून बादलीने रेती काढायची जुनी पद्धत होती. भरतीबरोबर आणि पावसाळ्यात नदी ती भरून काढायची. मागणी वाढली, यंत्रे आली, रात्री पंप लागले. रेती काठाजवळून उपसली की काठ घसरतो. गोव्यात काठ म्हणजे नुसता काठ नसतो. त्याच्या आत खाजन, म्हणजे खाडीकाठची सखल शेतजमीन असते, आणि खाजनाला खाऱ्या पाण्यापासून राखणारा बांध व मानस, म्हणजे पाणी अडवायचे-सोडायचे दार, असते. राज्यात सतरा-अठरा हजार हेक्टर खाजन जमीन आहे. बांध फुटला की कोरगुटसारखे खारे पाणी सोसणारे भातसुद्धा तग धरत नाही. मग जमीन पडीक होते, पडीक झाली की कोणीतरी तिच्यात घर पाडल्याचा राडारोडा आणून टाकतो, आणि दहा वर्षांनी तिथे भराव घातलेला प्लॉट तयार असतो. रेती काढण्यापासून राडारोडा टाकण्यापर्यंत हे एकच चक्र आहे, आणि दोन्ही टोकांना बहुधा एकाच प्रकारचा ट्रक असतो.

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने बेकायदा रेती उपशावरून सरकारला वेळोवेळी फटकारले आहे. गेल्या दशकात बराच काळ नद्यांतून रेती काढायला परवानेच नव्हते. त्या काळात गोव्यातली किती बांधकामे रेतीवाचून थांबली? मला तरी एकही आठवत नाही. पुरवठ्याची पर्यायी वाट न करता बंदी घातली की पुरवठा अंधारात जातो, एवढेच त्यातून दिसले.

पर्यायी वाट आहे: दगड भरडून केलेली रेती, जिला सगळे एम-सँड म्हणतात. भारतीय मानक ३८३ ने २०१६ मध्ये तिला रीतसर जागा दिली. आमचे गवंडी मात्र तिच्यावर नाराज असतात, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. पुष्कळदा एम-सँडच्या नावाखाली क्रशरचा भुसा खपवला जातो. नीट एम-सँड करायला दगड खास यंत्रात गोल भरडावा लागतो आणि पीठ वेगळे काढावे लागते. खडी करताना खाली पडलेला भुसा चपटा, टोकदार आणि पिठाळ असतो. तो वापरला की मालाला पाणी जास्त लागते, पाणी जास्त म्हणून सिमेंट जास्त, आणि एवढे करूनही गिलाव्याला केसासारख्या भेगा. अशी एक भिंत मी स्वतः फोडून पुन्हा करवली आहे, आणि माल कुठल्या क्रशरवरून आला हे सांगायला कोणी पुढे आले नाही.

तेव्हापासून साइटवर लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी ठेवतो. गाडी आली की रिकामी करण्याआधी बरणीत अर्ध्यापर्यंत रेती, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवायचे आणि तासभर ठेवायचे. रेती खाली बसते आणि तिच्यावर पिठाचा थर दिसतो. थर बोटभर असेल तर गाडी परत. ही काही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, ती वेगळी करून घ्यावीच लागते. पण बरणी ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर असते. पहिल्या दोन वेळी वाद झाले. तिसऱ्या वेळी क्रशरचा माणूस स्वतः आला, बरणी उचलून उजेडात धरली आणि म्हणाला, हा थर किती चालेल ते सांगा, मी तसा माल वेगळा काढून ठेवतो. त्याला आजवर कोणी सांगितलेच नव्हते की काय हवे आहे. फक्त नको एवढेच ऐकत आला होता.

एम-सँडही डोंगरातूनच येते, हे विसरून चालणार नाही. नदीचा भार डोंगरावर टाकून आपण सुटलो असे होत नाही. म्हणून मुळात कमी कसे लागेल हा प्रश्न आधी. कापणीच्या यंत्राने काढलेल्या सरळ चिऱ्याला गिलावा पातळ लागतो. कपाटामागची भिंत, माळ्यावरची भिंत, गॅरेज यांना गिलावा लागतोच कशाला? आणि पाडलेल्या काँक्रीटची भरडलेली खडी मानक ३८३ नुसार साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि एम-२५ या प्रतीपर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत वापरता येते. पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये तर पूर्ण. हे कागदावर येऊन कित्येक वर्षे झाली. माझ्या तालुक्यात मात्र मला ती खडी विकत देणारा एकही क्रशर आजवर भेटलेला नाही.

सिमेंटबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे आपला पुरवठादार म्हणजे गावचा दुकानदार आणि त्याच्यामागे मोठ्या कंपन्या. पण एक बारीक गोष्ट सांगण्याजोगी आहे. साध्या ओपीसी सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीमागे साधारण ४० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोळशाची राख मिसळलेल्या पीपीसीमध्ये राखेचे प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत असू शकते आणि लोखंडाच्या भट्टीची मळी (स्लॅग) मिसळलेल्या सिमेंटमध्ये मळी ७० टक्क्यांपर्यंत, म्हणजे भार तेवढ्या मानाने कमी. चुनखडी आणि भाजलेल्या मातीच्या नव्या सिमेंटलाही २०२३ मध्ये भारतीय मानक मिळाले. खारी हवा सोसायला मळीचे सिमेंट चांगले, हे किनाऱ्यावर बांधणाऱ्याने लक्षात घ्यावे. मग कंत्राटदार स्लॅबला ओपीसीच का मागतो? कारण मिश्र सिमेंट सुरुवातीला सावकाश ताकद धरते, म्हणून टेकू जास्त दिवस ठेवावे लागतात. सेंट्रिंगचे भाडे दिवसावर असते आणि ते कंत्राटदाराच्या खिशातून जाते. निसर्गाचा फायदा सगळ्यांचा आणि चार-सहा दिवसांचे भाडे त्या एकट्याचे! तो नाही म्हणाला तर त्याचे चुकले कुठे? हे भाडे मालकाने वेगळे देण्याचे कबूल करावे, किंवा सेंट्रिंगवाल्याशी दिवसाऐवजी स्लॅबवर दर ठरवावा. मी दुसरा मार्ग धरला. सेंट्रिंगवाल्याला माझी तीन कामे एकापाठोपाठ मिळणार हे कळल्यावर त्याने खळखळ केली नाही.

सळईच्या बाबतीत केंद्राच्या पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या ठरवली: टनामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन. भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्या गोव्यातही आहेत. त्यांच्याकडे या दर्जाचा दाखला मागायला सुरुवात करावी, एवढेच.

आता मुख्य गिऱ्हाइकाकडे येतो. गोव्यात सगळ्यात जास्त बांधकाम करवणारे आपले सरकार आहे: सार्वजनिक बांधकाम खाते, साधनसुविधा विकास महामंडळ, पंचायती, नगरपालिका. शाळा, समाजगृहे, रस्ते, गटारे, संरक्षक भिंती. त्यांच्या निविदा राज्याच्या दरसूचीवर चालतात. दरसूचीत जी वस्तू नाही, ती अभियंत्याला इच्छा असली तरी लावता येत नाही. खासगी कामातही कंत्राटदार दर ठरवताना हीच सूची उघडतो. म्हणून मला वाटते की गोव्यातला सगळ्यात प्रभावी पर्यावरणविषयक दस्तऐवज कुठला असेल तर ती ही दरसूची. तीत भरडलेल्या काँक्रीटची खडी, जुने चिरे साफ करून बसवण्याची मजुरी, जुने घर यंत्राने न पाडता हाताने उतरवण्याचा दर, चुन्याचा गिलावा, परवान्यासह आलेल्या चिऱ्याचा वेगळा दर, एवढ्या पाच नोंदी ठळकपणे असाव्यात आणि निविदांमध्ये त्या वापरल्या जाव्यात.

यात क्रांतिकारक असे काही नाही. केंद्राच्या २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांतच सरकारी आणि नगरपालिकांच्या कामांत अशा कचऱ्यापासून केलेला माल १० ते २० टक्के वापरण्याची गोष्ट लिहिलेली होती. त्यानंतर २०२५ मध्ये नवे नियम आले आणि २० हजार चौरस मीटरांहून मोठ्या प्रकल्पांवर कचऱ्याची जबाबदारी टाकली गेली. मोठ्यांना वेसण घातली हे बरे झाले. पण गोव्याचा डोंगर मोठ्या प्रकल्पांइतकाच दीडशे-दोनशे चौरस मीटरच्या हजारो घरांनी खाल्ला आहे, आणि ती घरे कुठल्याच उंबरठ्याच्या आत येत नाहीत. त्यांच्यापर्यंत फक्त पुरवठादार पोचतो. क्रशरवर भरडलेली खडी मिळू लागली तर ती गावच्या घरातही जाईल. आणि ती मिळू लागेल केव्हा? सरकारने पाच वर्षे अमुक इतकी घेऊ असे लेखी दिले, तरच एखादा क्रशरवाला यंत्रासाठी कर्ज काढेल.

पैसे वेळेवर देणे हा तर मुळाचा भाग आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत हा कायदा २००६ पासून आहे. सरकारी बिले अडकली की कंत्राटदार पुरवठादाराचे अडकवतो, पुरवठादार चालकाचे. जो माणूस आठ महिने पैशांची वाट पाहतो तो पर्यावरण दाखल्याच्या फायलीमागे कशाच्या बळावर फिरेल? ज्याच्याकडे रात्रीच्या धंद्याचा रोख पैसा आहे तोच या बाजारात तगतो. आपल्या उधारीने आपणच त्याला निवडून दिले आहे.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा, की याने घर महाग होईल आणि भार सामान्य माणसावर पडेल. थोडे महाग होईल, हे खरे. खड्डा बुजवायला, वरची माती वेगळी रचून परत पसरायला, झाडे लावायला चिऱ्यामागे एक रुपया बाजूला काढायचा म्हटले तर साडेतीन हजार चिऱ्यांच्या घराला साडेतीन हजार रुपये पडतील. त्या घराच्या स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटला याच्या कित्येक पट लागतात. उलट जुने चिरे, कौले, मत्ती-फणसाचे वासे परत वापरले तर पैसे वाचतात. डिचोलीच्या त्या घरात दहा दिवसांची मजुरी देऊनही मालक फायद्यातच राहिले.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. लोक म्हणतात, हे रेतीवाले-चिरेवालेच तर डोंगर-नद्या लुटतात, त्यांच्याशी हातमिळवणी कसली करता? त्यांना आत टाका. रात्री पंप लावून नदी उपसणाऱ्याला आत टाकलेच पाहिजे, त्याच्यासाठी माझ्याकडे एक शब्दही नाही. पण सगळ्यांना एकाच दावणीला बांधू नका. माझा चिरेवाला मूळचा लोहखनिज वाहणारा टिप्परवाला. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुढे सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजेस रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. दोन्ही वेळा त्याच्या दारात बँकेचा माणूस येऊन बसला होता. कायदा मोडल्याने काय होते हे त्याने खाण कंपन्यांच्या पापासाठी स्वतः भोगून पाहिले आहे. कायद्याने चालण्याची सोय कोणी करून दिली तर सर्वांत आधी तोच येईल. त्याला चोर ठरवायचे आणि त्याच्याच चिऱ्याच्या भिंतीआड बसून निसर्गाची काळजी करायची, हे मला पटत नाही.

डिचोलीचे घर आता पुरे झाले. मालकांनी पडवीतली एक भिंत जुन्या चिऱ्यांची तशीच उघडी ठेवली आहे, आत असल्याने तिला पाऊस लागत नाही. चिरेवाल्याने शेवटच्या चार गाड्या परवान्यासह पाठवल्या होत्या, पण तो परवाना त्याचा स्वतःचा नव्हता, दुसऱ्या एका खाणीचा माल त्याने आणून दिला होता. हे त्याने आपणहून सांगितले.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. गावातली आपली पाऊण हेक्टर जागा त्याने अर्जात घातली आहे आणि सल्लागाराने त्याला विचारले आहे की एवढे चिरे घेणार कोण. पुढच्या दोन वर्षांत तुम्हाला किती लागतील ते लिहून द्या, अर्जाला जोडायचे आहे, असे तो म्हणत होता. मी हाताखालच्या तीन मालकांना विचारले, माझ्या दोघा व्यवसायबंधूंना विचारले, आकड्यांची बेरीज केली आणि सही करून कागद त्याच्या घरी नेऊन दिला. अकरा हजार चिरे.